आयसीयूत पेशंट आणि खिसा रिकामा : नाशिकमध्ये पहिल्या तासापासून घरी परतेपर्यंत काय करायचं

भात लावणीचे दिवस होते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर घरातली सगळी माणसं जमिनीवर गोधड्या टाकून झोपली होती. पहाटे तीनला घरच्या बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. सूज नाही, रक्त नाही, चावल्याची खूणही दिसेना. रात्रीचं जेवण बाधलं असेल म्हणून तिनं ओवा चावला. उजाडेपर्यंत पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं. आधी भगताकडं नेलं. तिथून जीप मिळायला नऊ वाजले. नाशिकला पोचली तेव्हा श्वास नुसता वरवर चालला होता. मण्यार चावली होती. सापाच्या विषावरची लस दिली, व्हेंटिलेटर लावला आणि नऊ दिवसांनी बाई आयसीयूबाहेर आली.

मी नाशिकच्या एका रुग्णालयात समाजसेवा विभागात बरीच वर्षं काम करते. त्या बाईचा नवरा चौथ्या दिवशी माझ्या टेबलासमोर आला. गुटख्याच्या प्लास्टिक पिशवीत सगळ्या पावत्या घड्या घालून ठेवलेल्या. डिपॉझिटसाठी त्यानं द्राक्षबागेच्या मुकादमाकडून 40,000 रुपयांची उचल घेतली होती. ज्यावर सरकारी योजनेतून उपचार मिळू शकतात, ते पिवळं रेशनकार्ड पाड्यावर पत्र्याच्या पेटीत पडलं होतं. कुणी मागितलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही.

त्या पेटीतल्या कार्डासाठीच हा लेख लिहिते आहे. आयसीयूत डॉक्टर आणि सिस्टर आपलं काम करत असतात. बाहेरच्या बाकावरच्या माणसानं वेळेवर चार गोष्टी केल्या, तर आतल्या पेशंटचे उपचार मध्येच तुटत नाहीत.

गरिबी आयसीयूत कुठून शिरते

मण्यार रात्री उबेला येते. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणाऱ्याला ती चावण्याची शक्यता फार कमी. म्हणजे आजार गरिबीतून सुरू झाला, उशीर गरिबीमुळं झाला आणि बिलही गरिबाच्याच माथी आलं. सुरगाण्याहून नाशिक 90 किलोमीटरच्या आसपास आहे. जंतुसंसर्ग रक्तात पसरतो तेव्हा डॉक्टर तास मोजतात आणि आपली माणसं तेव्हा वडाप भरायची वाट बघत असतात.

शिवाय आयसीयूत येणारं शरीर आधीच थकलेलं असतं. रक्त कमी, वजन कमी, कधीच न तपासलेली शुगर, अर्धवट सोडलेली टीबीची औषधं. एकच न्यूमोनिया दोन माणसांना झाला तरी तो दोघांना सारखा पेलवत नाही. आणि बाईमाणूस असेल तर त्यात आणखी एक रात्र वाढते. पुरुषाला ताप चढला की गाडी शोधतात, बाईला चढला की ‘सकाळी बघू’ म्हणतात. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी पहिला प्रश्नच विचारते : ‘त्रास सुरू झाला कधी, आणि निघालात कधी?’

हे फक्त आपल्याकडं घडतं असंही नाही. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्येच मांडलं होतं, की चांगल्या उपचारांची गरज जिथं जास्त तिथंच ते कमी मिळतात. आपल्या देशात 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरला. आयसीयूत हा खिसा दोन-तीन दिवसांत रिकामा होतो.

घरून निघताना

108 ला फोन करा. ॲम्ब्युलन्स मोफत आहे, सोबत डॉक्टर असतो, काही गाड्यांत व्हेंटिलेटरही असतो. गाडीला वेळ लागणार असेल तर थांबू नका. मिळेल त्या वाहनानं जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा. सर्पदंशावरची लस तिथंच सुरू करून पुढं पाठवता येतं. चावलेला हात किंवा पाय हलवू नका, चिरा देऊ नका, करकचून बांधू नका.

निघताना घरातल्या एकाला पेटी उघडायला लावा. रेशनकार्ड, पेशंटचं आणि सोबत्याचं आधार, असल्यास आयुष्मान कार्ड, जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं. कार्ड सापडत नसेल तर थांबायचं नाही. मागून फोटो मागवा, मूळ कार्ड दुसऱ्या दिवशी एसटीनं येऊ द्या.

फवारणीचं औषध पोटात किंवा अंगावर गेलं असेल तर बाटली किंवा तिचं लेबल बरोबर आणा. निफाड-दिंडोरीच्या बागांत किती तरी प्रकारची औषधं वापरतात आणि उतारा औषधावर ठरतो. पोलिसांच्या भीतीनं ‘उलट्या होतात’ एवढंच सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद होते, पोलीस जबाब घेतात, एवढंच. माणसानं स्वतःहून औषध घेतलं असलं तरी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा त्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानतो आणि उपचार व काळजी देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. दारूचंही तसंच. रोज घेणारा माणूस आयसीयूत गेला की दारू एकदम बंद होते. दोन-तीन दिवसांत तो बरळायला लागतो, फिट येऊ शकते. आधी सांगितलं असेल तर डॉक्टर त्यावर औषध सुरू ठेवतात. सिस्टरला बाजूला घेऊन हळूच सांगा, चारचौघांत सांगायची गरज नाही.

कुठं न्यायचं

नाशिकमध्ये सरकारी बाजूला त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. हृदय, किडनी, कॅन्सरसाठी शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महापालिकेचं नाशिकरोडला बिटको आणि द्वारका भागात डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. मालेगावात सामान्य रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं म्हणजे आडगावचं डॉ. वसंतराव पवार आणि घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचाराचं शुल्क घेत नाहीत.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आपल्या पगारपत्रकावर ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची कपात आहे का ते बघावं. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर बहुतेक वेळा असते. कंत्राटी कामगाराला आपला विमा क्रमांक आहे हेच ठाऊक नसतं. सातपूरला ईएसआयसीचं रुग्णालय आहे, तिथून पुढं पाठवण्याची सोय आहे. शिवाय आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. आयसीयूनंतर घर चालवायला हा आधार मोठा असतो.

तातडीच्या वेळी जे दार जवळ असेल तिथं जा. सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे, की जीव धोक्यात असलेल्या माणसाला आधी उपचार द्यायचे, बाकीचं नंतर. सरकारी असो की खासगी, पैसे नाहीत म्हणून पहिला उपचार नाकारता येत नाही.

पहिले 24 तास : कागदाचं काम

इथं मी सावकाश लिहिते, कारण बहुतेक कर्ज याच एका दिवसात होतं.

खासगी रुग्णालयात पाय ठेवल्यावर डिपॉझिटच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. पेशंटची योजनेत नोंदणी करून देणारा हा माणूस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात असतो. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं, पुढं केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं अशा सगळ्या रेशनकार्डांना ती लागू केली आहे. रुग्णालय योजनेत आहे का, हे 155388 किंवा 1800 233 2200 वर विचारता येतं. रात्री-अपरात्री कागद नसतील तर फोनवरून तात्पुरती, म्हणजे ‘इमर्जन्सी’ मंजुरी घेण्याची पद्धत आहे. तो शब्द लक्षात ठेवा आणि तसंच विचारा : ‘इमर्जन्सी मंजुरी टाकता का?’

दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्या. योजना ठरावीक आजारांना आणि ठरावीक पॅकेजना, म्हणजे यादीत ठरवून दिलेल्या उपचारांना लागू होते, काही पॅकेज फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून ‘योजना आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘आमच्या पेशंटच्या या आजाराला कोणतं पॅकेज बसतं?’ असं विचारा. आणि एकदा रोख भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं, त्यामुळं नोंदणी आधी, पैसे नंतर.

योजनेत बसलं नाही तर दुसरं दार धर्मादायचं. विश्वस्त संस्थेमार्फत चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांवर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 कक नुसार बंधन आहे : 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. यासाठी रुग्णालयं आपल्या बिलातले 2 टक्के वेगळ्या निधीत ठेवतात. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड चालतं. तिथल्या समाजसेवकाला भेटा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ‘कोटा भरला’ असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा. नाशिकच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, आणि लेखी मागितल्यावर बऱ्याचदा खाट निघते, हा माझा अनुभव आहे.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि आजाराचे रिपोर्ट लागतात. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. पेशंट दाखल असतानाच अर्ज करा. कुठल्याही रस्त्यावरच्या वाहन अपघाताचा पेशंट असेल तर केंद्राची 2025 ची योजनाही आहे : नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता. 112 ला फोन करून पोलिसांकडं अपघाताची नोंद झालेली हवी.

हे सगळं होईपर्यंत शेळ्या विकू नका, जमीन गहाण टाकू नका, मुकादमाची उचल घेऊ नका. एक दिवस थांबा. उचल घेतली की पुढचा अख्खा हंगाम त्याच्याच दराने राबावं लागतं, आणि आयसीयूतून परतलेल्या माणसाजवळ घरी कुणीच उरत नाही.

डॉक्टरांशी बोलताना

आयसीयूतलं बोलणं भराभर असतं आणि अर्धं इंग्रजीत. समोरचा माणूस मान हलवतो म्हणजे त्याला कळलं असं सगळे धरून चालतात. मी शेकडो माना हलताना पाहिल्या आहेत. बाहेर आल्यावर विचारलं की कळतं, ‘सिरिअस’ एवढाच शब्द पोचला आहे.

घरातून एकच माणूस बोलण्यासाठी ठरवा, शक्यतो रोज तोच. पाच रुपयांची वही घ्या. एका पानावर तारीख घाला आणि इतकंच विचारा : आजार कोणता? कालच्यापेक्षा बरं आहे, वाईट आहे की तसंच? आज नवीन काय केलं? पुढचे दोन-तीन दिवस काय होईल असं वाटतं? खर्च किती येईल? मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा : ‘म्हणजे डॉक्टर, फुप्फुसात पाणी झालंय, मशीन अजून तीन दिवस लागेल, मग काढून बघणार, असंच ना?’ चुकलं असेल तर डॉक्टर लगेच दुरुस्त करतात. त्यांनाही हे आवडतं. अंगठा लावणाऱ्यांनी कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावू नये. वाचून दाखवा म्हणायला लाज कसली? तो तुमचा हक्क आहे.

पेशंट कोकणा किंवा वारली बोलीत बोलणारा असेल तर सिस्टरला सांगून ठेवा. शुद्धीवर येताना माणूस घाबरतो, नळ्या ओढतो आणि मग त्याचे हात बांधावे लागतात. भेटीच्या वेळी त्याच्या बोलीत, त्याच्या कानाशी सांगा : आज मंगळवार, तू नाशिकच्या दवाखान्यात आहेस, म्हैस व्यायली, पोरं आजीकडं आहेत. चष्मा, कानाचं मशीन असेल तर आत द्या. या बिनपैशाच्या गोष्टी आहेत, पण त्यानं भ्रम कमी होतो.

बिल रोज बघायचं

आयसीयूचं बिल खाटेचं, मशीनचं, डॉक्टरांच्या भेटींचं, तपासण्यांचं आणि वापरून फेकायच्या सामानाचं असं साठत जातं. रोज संध्याकाळी आजपर्यंतचं तपशीलवार बिल मागा. महाराष्ट्रात 2021 मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दर रुग्णालयात लावलेले असले पाहिजेत. औषधं कुठल्या दुकानातून घ्यायची हे तुम्ही ठरवू शकता. जंतुसंसर्गाच्या इंजेक्शनांच्या किमतीत ब्रँडनुसार काही पटींचा फरक असतो. ‘याच औषधाचा स्वस्त ब्रँड चालेल का?’ हे डॉक्टरांनाच विचारा, दुकानदाराला नको.

पैसे संपत आले असं दिसलं की त्याच दिवशी सांगा. बहुतेक माणसं अब्रूपायी गप्प राहतात आणि शेवटच्या दिवशी फुटतात. तेव्हा कुणाच्याच हातात काही उरलेलं नसतं.

‘घरी नेतो’ म्हणण्याआधी

या कामात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच. पेशंट सुधारत असतो, पैसे संपतात, नातेवाईक सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर सही करतात, नळी काढली जाते आणि गाडी गावाच्या वाटेला लागते. कागदावर ‘नातेवाइकांच्या इच्छेनुसार’ असं लिहिलेलं असतं. ती इच्छा नसते, तो हिशेब असतो.

म्हणून स्वतःला आणि डॉक्टरांना एक प्रश्न सरळ विचारा : ‘पैशाचा विषय बाजूला ठेवला तर तुम्ही आता काय कराल?’ उत्तर ‘उपचार चालू ठेवीन’ असं आलं, तर घरी नेऊ नका, सरकारी रुग्णालयात हलवा. आधी डॉक्टरांना सिव्हिलच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा आणि व्हेंटिलेटरची खाट रिकामी असल्याची खात्री करा. सविस्तर रेफर चिठ्ठी, शेवटचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी हातात घ्या आणि व्हेंटिलेटर असलेली ॲम्ब्युलन्स आल्याशिवाय पेशंट हलवू नका. खाट मिळायला एक दिवस लागला तर तो दिवस कसा काढायचा, हे समाजसेवक आणि व्यवस्थापनाबरोबर बसून ठरवा. थकलेल्या बिलापोटी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही सनदेत आहे.

उत्तर ‘आता उपचारांनी फरक पडणार नाही’ असं आलं, तर गोष्ट वेगळी. म्हाताऱ्या माणसाला आपल्या ओसरीवर शेवटचा श्वास घ्यायचा असेल तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त वेदना आणि धाप कमी ठेवणारी औषधं लिहून घ्या, आणि हा निर्णय घरातल्या बायकांनाही विचारून घ्या. सेवा त्यांनी केलेली असते, पण त्यांना बहुधा निर्णय झाल्यावर कळतं.

घरी आल्यावर

आयसीयूतून परतलेला माणूस बरा झालेला नसतो, वाचलेला असतो. आठवड्याभरात मांड्या-दंड वाळून जातात. जिना चढवत नाही, घास गिळताना ठसका लागतो, मधले दिवस आठवत नाहीत, रात्री दचकून उठतो. पेठच्या त्या बाईच्या नवऱ्यानं मला फोन करून विचारलं होतं, ‘बाहेरचं काही लागलं असेल का?’ ती मध्यरात्री उठून बसायची आणि छातीवर कुणी बसलंय म्हणायची. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या पुष्कळांना असं होतं, हळूहळू कमी होतं, आणि महिन्याभरात कमी नाही झालं तर डॉक्टरांना दाखवायचं, असं मी त्याला सांगितलं. भगताकडचा फेरा टळला.

अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला, पाठीला आणि टाचांना जखम होऊ देऊ नका. खायला महाग पावडरी लागत नाहीत. नागलीची पेज, कुळथाचं पिठलं, अंडं, भिजवलेले शेंगदाणे, डाळ, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा. गिळताना ठसका लागत असेल तर बसवून भरवा, पातळ पदार्थ घाई करून पाजू नका. पहिल्या आठवड्यात खाटेच्या कडेला बसणं, मग उभं राहणं, मग ओसरीपर्यंत जाणं. बाईला लगेच हंडा उचलायला लावू नका. सासू आणि जावेसमोर हे डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घेतलेलं बरं पडतं.

डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा आणि एक आशाताईंकडे द्या. पुढची तारीख कधीची आहे, कोणती गोळी थांबवायची नाही, हे त्यांना दाखवा. टीबी निघाला असेल तर निक्षयमध्ये, म्हणजे टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद झाली का ते विचारा, पोषणासाठी महिना 1,000 रुपये खात्यात येतात. कायमचं अपंगत्व आलं असेल तर सिव्हिलमध्ये तपासणी करून प्रमाणपत्र घ्या, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्यावर होतो. फेरतपासणीला नाशिकला येणं जमत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायची चिठ्ठी ते देतात.

त्या घरानं घेतलेली उचल फिटायला दोन हंगाम गेले. पहिल्या ऑक्टोबर छाटणीला नवरा एकटाच दिंडोरीच्या बागेत उतरला. दुसऱ्या वर्षी बाईही गेली. बागेतल्या खोलीत सगळ्या मजुरांची अंथरुणं जमिनीवर पडायची, तिनं मात्र मुकादमाशी भांडून झोपायला खाट मागून घेतली.